पाटीखाली उभं राहून बोलायचे दिवस

मे १९९२. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एक माणूस कोट सावरत रस्त्यानं चाललाय. त्याच्या खिशात फोन आहे. बिनतारी आहे, हातात मावेल एवढा आहे, आवाजही स्वच्छ येतो. पण कुणाला फोन करायचा झाला की तो आधी मान वर करून भिंती बघत चालतो. पेपरच्या दुकानावर, पेट्रोल पंपावर, स्टेशनच्या दारात कुठे ‘रॅबिट’ची पाटी दिसतेय का? दिसली की तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं, बटण दाबायचं आणि नंबर लावायचा. बोलता बोलता शंभर मीटरच्या पलीकडे गेलं की संभाषण तुटायचं. पुढच्या पाटीपर्यंत चालत गेलं तरी ती पाटी हे संभाषण उचलून धरायची नाही. पुन्हा पहिल्यापासून नंबर लावायचा. आणि खरी गोम पुढेच होती. या फोनवरून रस्त्यात कुणालाही फोन करता यायचा, पण रस्त्यावरच्या त्या माणसाला कुणीच फोन करू शकायचं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर हाच फोन घरच्या बेसजवळ साध्या कॉर्डलेससारखा चालायचा, तिथे मात्र तो वाजायचा.

मुंबई-पुण्यात नव्वदीच्या दशकात वावरलेल्यांना हे अगदीच परकं वाटू नये. कमरेला पेजर, खिशात एक रुपयाची नाणी. पेजर थरथरला की निरोप वाचायचा आणि जवळचा पिवळा पीसीओ गाठायचा. तिथे आधीच तिघं उभे असायचे. आपल्याकडेही तेव्हा माणसाला बोलायचं असेल तर जागेपर्यंत चालत जावं लागायचं. ‘रॅबिट’नं फक्त पीसीओची पेटी काढून पाटी लावली आणि रिसीव्हर गिऱ्हाइकाच्या खिशात दिला.

या प्रकाराला ‘टेलिपॉइंट’ म्हणत. आज तो जवळजवळ पुसला गेलाय. मोबाइलचा इतिहास सांगताना लोक विटेएवढ्या फोनपासून निघतात आणि थेट नोकियावर उतरतात, मधल्या या फाट्याकडे कुणी वळत नाही. मला मात्र हा फाटा महत्त्वाचा वाटतो, कारण जमिनीखालून धावणाऱ्या गाड्यांमध्ये रेंज यायला इतकी वर्षं का लागली, या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. बोलणं माणसाचं असतं, पण लहर सोडणारी पेटी कुठल्या तरी भिंतीवर टांगावी लागते. आणि भिंत कुणाची तरी असते.

टेलिपॉइंटची कल्पना सुचली तेव्हा ती मुळीच वेडगळ नव्हती. ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि सेलनेट या दोन कंपन्यांनी १९८५ च्या जानेवारीत मोबाइल सेवा सुरू केली, पण तो फोन गाडीतून फिरणाऱ्या साहेबांसाठी होता. यंत्र महाग, मिनिटाचा दर महाग, आणि तंत्र ॲनालॉग असल्यामुळे साध्या स्कॅनरवर कुणीही संभाषण ऐकावं अशी स्थिती. टेलिपॉइंटवाल्यांनी ‘सीटी-२’ नावाचं तंत्र घेतलं. ८६४ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात ४० वाहिन्या. फोन स्वतः रिकामी वाहिनी शोधायचा. एकाच वाहिनीवर हजारांश सेकंदाच्या तुकड्यांनी आधी हा बोलणार, मग तो, इतक्या झपाट्यानं की कानाला पत्ता लागत नाही. ताकद अवघी १० मिलीवॉट. म्हणून बॅटरी लहान, फोन हलका, आणि आवाज डिजिटल, तोही ब्रिटनमध्ये जीएसएम सुरू होण्याच्या आधी. उंच टॉवर नको, मोठी जागा नको. भिंतीवर एक डबा आणि त्यात एक टेलिफोनची लाइन, झालं.

१९८९ च्या सुरुवातीला सरकारनं चार परवाने दिले. ब्रिटिश टेलिकॉमच्या गटाचा ‘फोनपॉइंट’, मर्क्युरीच्या गटाचा ‘कॉलपॉइंट’, फेरांटीचा ‘झोनफोन’, आणि बार्कलेज, फिलिप्स व शेल यांच्या गटाला चौथा. इथेच घोळ झाला. पहिल्या तिघांना बाजारात आधी उतरायची घाई. त्यांनी आपापली यंत्रं आपापल्या पद्धतीनं बनवली, त्यामुळे कॉलपॉइंटच्या पाटीखाली झोनफोनवाला मुका, आणि फोनपॉइंटच्या पाटीखाली कॉलपॉइंटवाला मुका. एकाच गल्लीत तीन डबे लागलेले, आणि आपला डबा मात्र पुढच्या चौकात. फेरांटीच्या मागे तर वेगळंच शुक्लकाष्ठ लागलं होतं: १९८७ साली तिनं सामावून घेतलेल्या अमेरिकी कंपनीचे हिशेब खोटे निघाले आणि ती जुनी, नावाजलेली कंपनी त्या खड्ड्यात गेली. १९९१ संपेपर्यंत तिन्ही सेवा बंद.

चौथा परवाना तोवर कागदावरच होता. तो हाँगकाँगच्या हचिसन उद्योगसमूहानं विकत घेतला आणि नाव ठेवलं ‘रॅबिट’. हचिसननं आधीच्यांची चूक टाळली, सगळ्यांना सामाईक असलेलं तंत्र वापरलं, पाट्या ठसठशीत केल्या, जाहिरातीवर पैसा ओतला. देशभरात बारा हजारांच्या आसपास ठिकाणी डबे लागले. गिऱ्हाइकं मिळाली दहा हजारांच्या घरात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत: एकेका गिऱ्हाइकाच्या वाट्याला एकेक डबा, आणि वर काही डबे शिल्लक. डिसेंबर १९९३ मध्ये ‘रॅबिट’ मिटलं. त्याच सप्टेंबरात लंडनमध्ये ‘वन-टू-वन’ ही खरीखुरी मोबाइल सेवा सुरू झाली होती, जिच्यात फोन यायचाही आणि संध्याकाळनंतर स्थानिक बोलणं फुकट होतं. त्या रस्त्यावर पाटी शोधत फिरणाऱ्याचं काय उरणार? पाट्या मात्र भिंतींवर बरीच वर्षं राहिल्या. काढायला माणूस पाठवायचा म्हणजेही खर्च, आणि ज्यांच्या भिंती होत्या त्यांना त्या पाटीचा अर्थच आठवेनासा झाला.

याच काळात जगात इतरत्र काय चाललं होतं ते बघितलं की ‘रॅबिट’ला अपयशी म्हणून मोकळं होता येत नाही. फ्रान्समध्ये ‘बि-बॉप’ नावानं हीच सेवा १९९१ ला स्ट्रासबर्गमध्ये आणि १९९३ ला पॅरिसमध्ये आली, १९९७ पर्यंत चालली. नेदरलँड्समध्ये ‘कर्मिट’ या बेडकाच्या नावानं ती ओळखली जायची. हाँगकाँगमध्ये तर ती धडाक्यात चालली, गिऱ्हाइकांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. शहर दाटीवाटीचं, माणसं पायी चालणारी, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला पेजर. पेजर वाजला की चार पावलांवर डबा असायचाच. म्हणजे फोन येत नाही ही उणीव पेजरनं भरून काढली, आणि डबा लांब आहे ही उणीव शहराच्या दाटीनं. जे तंत्र मँचेस्टरच्या ऐसपैस उपनगरांत मेलं, ते कौलूनच्या गल्लीत जगलं. तंत्राचं नशीब गावाच्या नकाशावर ठरतं ते असं.

जपाननं याच विचाराला पुढची पायरी दिली. १९९५ च्या जुलैत तिथे ‘पीएचएस’ सुरू झालं. डबे तसेच लहान, ताकद तशीच कमी, पण फोन यायचाही आणि चालताना एका डब्याकडून दुसऱ्याकडे सोपवलाही जायचा. लहान डबा भुयारी स्टेशनात सहज बसवता यायचा, हा त्याचा मोठा गुण. ताकद कमी, म्हणून इस्पितळांतल्या यंत्रांना त्रास नाही; डॉक्टर-नर्सच्या खिशात तो फोन वर्षानुवर्षं राहिला. शेवटची आवाजी सेवा बंद झाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये. चीनमध्ये हेच तंत्र ‘श्याओलिंगथोंग’ नावानं आलं. तिथल्या लँडलाइन कंपन्यांकडे मोबाइलचा परवाना नव्हता. त्यांनी सांगितलं, हा मोबाइल नव्हेच, हा आमच्या लँडलाइनचा लांबवलेला हात. २००६ पर्यंत त्या हातात नऊ कोटींहून जास्त माणसं आली. आपल्याकडेही २००२-०३ मध्ये ‘मर्यादित फिरता फोन’ या नावाखाली एका शहरापुरता चालणारा फोन आला होता आणि त्यावरून मोबाइल कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. शब्दांच्या अर्थावर अशी भांडणं झाली, आणि आपल्या हातात आज जो स्वस्त फोन आहे तो काही अंशी त्या भांडणांतूनच आलाय.

आता जमिनीखाली उतरू.

लंडनची भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर सुरू झाली. जगातली ती पहिली. खोलवरच्या मार्गांचे बोगदे गोल नळीसारखे, आतला व्यास जेमतेम साडेतीन मीटर. गाडी त्यात बाटलीत बूच बसावं तशी बसते. रेडिओलहरी सरळ रेषेत पुढे जायला बघतात. वळणावर त्या भिंतीत मुरतात आणि समोर गाडी आली की तिच्या पोलादावर अडतात. वर रस्त्यावर कितीही दांडगा टॉवर असू दे, त्याचा वीस मीटर मातीखाली काही उपयोग नाही. बोगद्यात बोलायचं असेल तर लहर बोगद्यातच सोडावी लागते.

हे न केल्याचा परिणाम १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी दिसला. किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या लाकडी सरकत्या जिन्याखाली, कुणाच्या तरी पेटत्या काडीमुळे, साडेसातच्या सुमारास आग लागली. सुरुवातीला ती लहान होती. वर्षानुवर्षं साचलेलं वंगण आणि धुरळा तिथे होता. एका प्रवाशानं धूर बघून सांगितलं, तिथे असलेला एक पोलीस शिपाई बघायला गेला. त्यानं आग बघितली. त्याच्या अंगावर वॉकीटॉकी होता, पण जमिनीखाली तो चालत नव्हता. अग्निशमन दलाला निरोप देण्यासाठी तो जिने चढून वर रस्त्यावर गेला आणि तिथून बोलला.

या एका तपशिलापाशी मी दरवेळी थांबतो. त्या माणसानं जे करता येण्यासारखं होतं ते तत्काळ केलं. त्याच्या हातात यंत्रही होतं. फक्त यंत्र चालेल अशी जागा त्याच्या पायाखाली नव्हती, ती वर होती, आणि तिथवर पळत जावं लागलं. पुढच्या काही मिनिटांतच, पावणेआठच्या सुमारास, आग एकाएकी जिन्यावरून उसळून तिकीटघरात शिरली. ३१ माणसं गेली. त्यात सोहो अग्निशमन केंद्राचे प्रमुख कॉलिन टाउन्सली होते. ते लोकांना बाहेर काढायला आत गेले होते. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीनं पुढच्या वर्षी १५७ शिफारशी केल्या. लाकडी जिने जाणं, धूम्रपानबंदीची कडक अंमलबजावणी हे सगळ्यांना आठवतं. जमिनीखाली बोलण्याची सोय करा, हेही त्यात होतंच.

१८ वर्षांनी, ७ जुलै २००५ ला, सकाळच्या गर्दीत लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्ब फुटले. ५२ माणसं मारली गेली. धुरानं भरलेल्या बोगद्यात उतरलेल्या मदतकर्त्यांचे रेडिओ वरच्या लोकांशी बोलू शकले नाहीत. निरोप घेऊन माणसं धावली, बोगद्यातून फलाटावर, फलाटावरून जिन्यानं वर. लंडन असेंब्लीच्या समितीनं २००६ च्या अहवालात यावर कठोर शब्दांत लिहिलं. दोन दुर्घटनांच्या मधल्या १८ वर्षांत ‘रॅबिट’ आलं आणि गेलं, जीएसएम आलं, ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि तरीही संकटाच्या वेळी निरोप पायांनीच वर गेला. त्यानंतर मात्र आणीबाणी सेवांचा डिजिटल रेडिओ भुयारात पोहोचवायचं काम नेटानं झालं.

सामान्य प्रवाशाच्या फोनचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्यात एक भीतीही होती. २००४ च्या माद्रिदमधल्या रेल्वेतल्या स्फोटांसाठी फोन वापरले गेले होते. लंडनच्या स्फोटांनंतर न्यूयॉर्कच्या हॉलंड आणि लिंकन या मोटारींच्या बोगद्यांतली मोबाइल सेवा काही काळ मुद्दाम बंद ठेवली गेली. ज्या लहरीनं मदत मागता येते तिनंच स्फोट घडवता येतो, या विचारानं अधिकारी कचरत होते. त्यांची भीती मला समजते. पण बोगद्यात अडकलेल्या शेकडो माणसांच्या तोंडाला कुलूप लावून ती भीती संपत नाही, हेही खरं.

तंत्र केव्हाच तयार होतं. बोगद्याच्या भिंतीवर एक जाड केबल टांगतात, तिला ‘लीकी केबल’ म्हणतात, म्हणजे गळकी. एरवी केबल गळू नये म्हणून तिच्यावर धातूचं आवरण असतं. इथे त्या आवरणाला ठरावीक अंतरावर मुद्दाम खाचा पाडतात, आणि त्या खाचांतून लहर झिरपत राहते, ठिबक सिंचनाच्या नळीतून पाणी झिरपतं तशी. गाडी कुठेही असो, तिच्या खिडकीपासून हातभर अंतरावर ही केबल असतेच. या केबलला आग लागली तरी विषारी धूर होता कामा नये, ही अट. आणि ती टांगायची कधी? शेवटची गाडी गेल्यावर, पहाटेची पहिली गाडी सुटायच्या आत. वीज बंद करा, माणसं आणि सामान आत न्या, काम करा, सगळं उचला, रूळ तपासा, बाहेर या. चार तासांच्या रात्रीत प्रत्यक्ष काम दोन-तीन तासांचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तिथूनच.

तरी काम अडलं होतं ते केबलपाशी नव्हे. अडलं होतं ते पैशापाशी आणि भिंतीपाशी. वॉशिंग्टनच्या मेट्रोनं हे लवकर अनुभवलं. तिथे १९९० च्या दशकात बेल अटलांटिक या एका कंपनीनं स्वतःच्या खर्चानं भुयारात जाळं टाकलं आणि बदल्यात हक्क मिळवला. परिणाम असा की तिच्या, म्हणजे पुढे व्हेरायझनच्या, गिऱ्हाइकांना खाली रेंज, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला नाही. कॉलपॉइंटच्या पाटीखाली झोनफोनवाला मुका, तोच प्रकार, फक्त वीस मीटर खाली. अमेरिकेच्या संसदेला कायद्यात कलम घालावं लागलं, तेव्हा २००९ पासून इतर कंपन्यांना तिथल्या स्टेशनांत शिरता आलं. टोकियोत कंपन्या एकत्र आल्या आणि मार्च २०१३ पर्यंत भुयारी मार्गांवर, बोगद्यांसकट, फोन लागू लागले.

लंडन मात्र रेंगाळलं. २००७ मध्ये वॉटर्लू अँड सिटी या छोट्याशा मार्गावर प्रयोग करायचं ठरलं, पण खर्चाचं गणित बसेना म्हणून तो बारगळला. २०१२ च्या ऑलिंपिकआधी बोगद्यांत रेंज आणायची योजनाही कंपन्यांच्या वाटाघाटीत फसली. त्याऐवजी स्टेशनांवर वाय-फाय आलं. तिथे मला टेलिपॉइंटची आठवण होते. गाडी फलाटावर शिरली की सगळे फोन एकदम जागे व्हायचे, वीस-तीस सेकंदांत निरोप जायचे-यायचे, दार बंद झालं की पुन्हा शांतता. पाटीखाली उभं राहून बोलायचं, तेच इथे गाडीसह चाललं होतं. अखेर मार्च २०२० मध्ये ज्युबिली मार्गाच्या वेस्टमिन्स्टर ते कॅनिंग टाउन या पूर्वेकडच्या टप्प्यात बोगद्यात फोरजी आलं. २०२१ मध्ये २० वर्षांचा करार एका त्रयस्थ कंपनीशी झाला: तिनं एकच जाळं टाकायचं आणि सगळ्या मोबाइल कंपन्यांनी भाडं देऊन त्यावर यायचं. ‘रॅबिट’ मिटल्याला तोवर २७ वर्षं होऊन गेली होती.

धावत्या गाडीतून बोलायची धडपड मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीची आहे. १९२६ च्या जानेवारीत बर्लिन-हॅम्बुर्ग गाडीत उंची दर्जाच्या प्रवाशांसाठी टेलिफोन सुरू झाला होता. गाडीच्या टपावरून लहर निघायची ती रुळांशेजारच्या तारांवर उतरायची आणि तारेवरून पुढे जायची. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रकार, आणि गळक्या केबलची कल्पना त्याहून फार वेगळी नाही: लहरीला लांब पाठवू नका, गाडीच्या अगदी जवळ एक तार असू द्या.

आणि विस्मरणाबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. २३ जुलै १९२७ ला खडकी आणि दौंड इथल्या बिनतारी केंद्रांचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. ब्रिटनच्या राजाशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण झाली. खडकीहून संदेश सुटायचे, दौंडला यायचे. तिकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी आणि स्केग्नेसजवळ त्यांची जोडकेंद्रं होती. मार्कोनीच्या लघुलहरींच्या ‘बीम’ पद्धतीनं, एका दिशेला रोखलेल्या झोतासारखी लहर पाठवून, हे काम इतकं स्वस्तात होऊ लागलं की समुद्राखालच्या तारांच्या कंपन्या हादरल्या. त्यांना वाचवण्यासाठी साम्राज्यानं तार आणि बिनतार यांची मोट बांधून एक कंपनी केली, तीच पुढे केबल अँड वायरलेस झाली. आणि टेलिपॉइंटच्या गोष्टीतली मर्क्युरी, ती ‘कॉलपॉइंट’वाली, याच केबल अँड वायरलेसची लेक. दौंड जंक्शनवर गाडी बदलताना हजारो माणसं तासन्‌तास बसतात. इथे कधी लंडनचे संदेश हवेतून उतरत होते, हे तिथे कुणी सांगत नाही. समुद्रातल्या केबलचा तुकडा तरी संग्रहालयात ठेवता येतो. लहर गेली की ठेवायला हाताशी काही राहत नाही.

हचिसनचं पुढे काय झालं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट मुंबईला पोहोचणार नाही. ‘रॅबिट’ मिटल्यावर चारच महिन्यांनी, २८ एप्रिल १९९४ ला, त्याच हचिसननं ब्रिटनमध्ये ‘ऑरेंज’ ही मोबाइल सेवा सुरू केली आणि ती जोरात चालली. १९९५ मध्ये आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा मुंबईत जे दोन परवाने होते, त्यातला एक हचिसनच्या भागीदारीतल्या कंपनीचा होता. तिची सेवा ‘मॅक्स टच’. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन लावायचे. खिशात मोबाइल असूनही पाय पिवळ्या पाटीकडेच वळायचे. पुढे मुंबईत याच सेवेचं नाव ‘ऑरेंज’ झालं, मग ‘हच’. ‘हच’च्या जाहिरातीत एका मुलामागे गल्लीबोळांतून फिरणारा चपट्या नाकाचा कुत्रा अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. २००७ ला ती व्होडाफोननं घेतली, २०१८ ला आयडियाशी जोडली गेली, आणि २०२० पासून ‘व्ही’ म्हणून ओळखली जाते. इतकी नावं बदलली तरी त्या साखळीचं एक टोक मँचेस्टरच्या त्या भिंतीला बांधलेलं आहे.

मुंबईची मेट्रो-३ ही साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका. २७ स्थानकं, त्यातलं आरे सोडून सगळी जमिनीखाली. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. स्थानकं प्रशस्त, गाड्या थंड, माहीम-दादरच्या कोंडीखालून माणूस शांतपणे जातो. फक्त सुरुवातीला खाली उतरल्यावर फोन मुके व्हायचे. वाद जुनाच होता. भुयारात सामाईक जाळं टाकायला निविदेतून एक त्रयस्थ कंपनी नेमलेली. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं, तिचे दर परवडत नाहीत, आम्हाला आमच्या खर्चानं जाळं टाकू द्या. मेट्रोचं म्हणणं, जागा एकदा रीतसर दिलेली आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण मधल्या मधे प्रवासी होता. तिकीट फोनवर काढायचं तर नेट नाही, म्हणून माणसं सरकत्या जिन्यानं परत वर यायची, रस्त्याच्या तोंडाशी उभी राहून क्यूआर तिकीट काढायची आणि पुन्हा खाली उतरायची. पुढे स्थानकांच्या तिकीटघरांत फुकट वाय-फाय दिलं गेलं, तेव्हा ही चढउतार थोडी कमी झाली.

आजारी आईला घेऊन निघालेली मुलगी, पहिल्यांदाच एकटं कॉलेजला चाललेलं पोर, घरी कुणी वाट बघत असलेला कामगार, या सगळ्यांना दोन स्थानकांच्या मधे गाडी थांबली तर ‘पोहोचतोय, काळजी करू नका’ एवढं सांगता आलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वाटाघाटी करणाऱ्या सगळ्यांनी एकदा तरी किंग्ज क्रॉसच्या त्या शिपायाची गोष्ट वाचावी असं मला मनापासून वाटतं.

त्या वाटाघाटींतून सगळ्यात आधी तयार झाली ती ‘व्ही’. ‘रॅबिट’च्या घराण्यातलीच. २०२५ मध्ये तिच्या गिऱ्हाइकांना आरे ते आचार्य अत्रे चौक या पट्ट्यात जमिनीखाली फोरजी मिळू लागलं. एकाच डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचा फोन वाजायचा, आणि दुसरा आपल्या फोनकडे बघत बसायचा. अत्रे चौकाच्या पुढे, कफ परेडपर्यंत, तेव्हा दोघांचेही मुके होते.